शोभेच्या तबकड्या आणि तापलेला ड्रम : एका जुन्या बुलेटचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी १९७२ ची बुलेट ३५०, मद्रासच्या कारखान्यातली. मालक कोल्हापूरचे, पेशाने प्राध्यापक. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गाडीचे तपशील मात्र जसेच्या तसे आहेत, कारण या प्रकरणात शिकण्यासारखे जे आहे ते सगळे त्यांतच आहे.

गाडी त्यांच्याकडे आली तेव्हा पुढचे चाक मूळचे नव्हते. आधीच्या कुणीतरी नंतरच्या काळातल्या बुलेटचा सात इंची ड्रमचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बसवला होता. हब अ‍ॅल्युमिनियमचा, त्यात ओतीव लोखंडाचे कडे, आणि ब्रेक एका लीडिंग शूचा. शू म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून दाबणारे अर्धगोल तुकडे; ड्रमच्या फिरण्याने स्वतःच आणखी ओढला जातो तो लीडिंग शू. मागे नेहमीचा सहा इंची ड्रम. मालकांनी बाहेरगावच्या एका वर्कशॉपमध्ये गाडी पूर्ण उतरवून घेतली. इंजिन, रंग, क्रोम, वायरिंग, नवीन रिम, नवीन स्पोक, नवीन ब्रेक शू असे सगळे काम झाले. ते चांगले झाले होते, आणि टाकीवरच्या सोनेरी रेषा हाताने ओढलेल्या होत्या, हेही सांगायला हवे.

मालकांना ओढ होती ती कॉन्टिनेन्टल जीटीची. रॉयल एनफील्डने १९६४ मध्ये इंग्लंडमध्ये काढलेली ही २५० सीसीची गाडी. लाल फायबरची टाकी, खाली वाकवलेले क्लिप-ऑन हँडल, मागे सरकवलेले फूटरेस्ट. ब्रिटनमध्ये १९६१ पासून शिकाऊ चालकांना २५० सीसीपर्यंतचीच गाडी चालवायला परवानगी होती. त्यामुळे लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या तरुणांसाठी कारखान्यातूनच रेसरच्या थाटाची छोटी गाडी बाहेर पडली. तिच्या पुढच्या हबवर पॉलिश केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तबकड्या होत्या. त्यांना ब्रेक थंड करणाऱ्या तबकड्या म्हणत. काम मात्र शोभेचे होते.

तशाच तबकड्या आता नव्याने बनवून विकल्या जातात. मालकांनी एक जोडी मागवली आणि पुढच्या हबच्या दोन्ही बाजूंना बसवून घेतली. जोडीला ब्रेक प्लेटवर, म्हणजे शू जिच्यावर बसतात त्या ड्रमच्या न फिरणाऱ्या झाकणावर, क्रोमचा एक एअर स्कूपही लावला. समोर तोंड, तोंडाला बारीक जाळी, दिसायला अगदी साठच्या दशकातल्या मँक्स नॉर्टन या रेसच्या गाडीची आठवण यावी असा. जाळीमागे मात्र ब्रेक प्लेटचा अखंड धातू होता. स्कूप दोन स्क्रूंवर उभा होता आणि हवेला आत जायला छिद्रच नव्हते.

अडचण

पहिला लांबचा प्रवास ठरला कोल्हापूर ते सावंतवाडी, आंबोलीमार्गे. मागे पत्नी, दोन बॅगा. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे आणि तिथून रस्ता वळणे घेत कोकणात उतरतो. घाटाच्या वरच्या टप्प्यात ब्रेक बरा लागत होता. मग पुढच्या ब्रेकचा लिव्हर हळूहळू हँडलकडे यायला लागला. दाबला तर दाबला जाई, पण गाडी आवरत नसे. जळकट वास येत होता.

मालक एका चहाच्या टपरीशी थांबले. तिथे त्यांनी केबलचा अ‍ॅडजस्टर फिरवून लिव्हरमधली ढिलाई काढून टाकली. ब्रेक पुन्हा वर लागायला लागला आणि त्यांना हायसे वाटले. खाली सपाटीला आल्यावर गाडी ओढेना. चाक उचलून फिरवून पाहिले तर शू ड्रमला घासत होते.

दुखापत कुणालाही झाली नाही. पण परतीच्या प्रवासात पत्नीने एसटी पसंत केली, आणि मालक गाडी घेऊन कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, आमच्या वर्कशॉपमध्ये आले. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते : "कूलिंग कमी पडतंय. स्कूपच्या मागे छिद्रं पाडून द्या, म्हणजे खरी हवा आत जाईल."

मागणी चुकीची म्हणता येणार नाही. हवा आत गेली तर ड्रम थंड होतो, हे खरेच आहे. प्रश्न एवढाच होता, की या गाडीचा ब्रेक थंड न झाल्यामुळे कमी लागत होता, की वाईट लागत असल्यामुळे तापत होता?

उष्णतेचा हिशेब

छिद्र पाडण्याआधी आम्ही मालकांसोबत कागदावर हिशेब मांडला. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. कूलिंगच्या वस्तू विकणारे आणि घेणारे दोघेही हा हिशेब सहसा करत नाहीत.

गाडी सुमारे १६५ किलो, दोन माणसे आणि सामान मिळून १३५, एकूण ३०० किलो. ५०० मीटर उंची उतरायची तर साधारण १४ लाख ७० हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरली पाहिजे. काही हवेच्या विरोधात जाते, काही टायरांत, बरीचशी इंजिन ब्रेकिंगमध्ये (खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी आवरते त्यात), उरलेली दोन ड्रममध्ये. समजा चौथा हिस्सा एकट्या पुढच्या ड्रमला आला, म्हणजे सुमारे ३ लाख ७० हजार ज्यूल. एक किलो ओतीव लोखंड एक अंशाने तापायला सुमारे ४६० ज्यूल लागतात. ड्रमचे कडे आणि त्याला चिकटलेला हबचा भाग मिळून तीन किलो लोखंडाएवढा धरला आणि वाटेत काहीच उष्णता बाहेर गेली नाही असे मानले, तर तापमान अडीचशे अंशांहून जास्त वाढेल. प्रत्यक्षात उष्णता बाहेर जातच असते. उतार वीस मिनिटांचा धरला तर ड्रमला सरासरी ३०० वॉटच्या आसपास उष्णता सतत हवेत सोडावी लागते.

म्हणजे हबच्या बाहेरच्या अंगावरून वारा वाहतो की नाही, याला खरोखर किंमत आहे. आणि तिथेच या तबकड्यांचे काम बिघडते. ड्रमची उष्णता तबकडीत जायची तर दोघांचा एकमेकांशी घट्ट, रुंद स्पर्श हवा. इथे तबकडी चार लहान बोल्टांवर टेकली होती, बाकी सगळीकडे मध्ये हवेचा थर. पातळ पत्रा, चार बिंदूंवर टेकलेला, तीनशे वॉट कुठून वाहून नेणार? उलट हबचा जो भाग उघडा राहून वाऱ्यात थंड झाला असता, त्यावर तिने झाकण घातले होते.

खऱ्या वस्तू कशा असतात, हेही मालकांना दाखवले. अ‍ॅल्युमिनियमच्या रुंद हबवर बाहेरून ओतलेले फिन, म्हणजे उभ्या पातळ कडा, हे खरे काम करतात. ते हबचाच भाग असतात, त्यामुळे उष्णतेची वाट अखंड राहते, आणि अ‍ॅल्युमिनियम ओतीव लोखंडापेक्षा कितीतरी वेगाने उष्णता पसरवते. रेसिंगच्या ब्रेक प्लेटवरचे स्कूपही खरे. इटलीच्या फोंताना ब्रेकवर किंवा मँक्स नॉर्टनच्या प्लेटवर पुढून हवा घेणारे तोंड असते आणि तापलेली हवा बाहेर जायला वेगळी वाटही असते. आत येणारे छिद्र आहे, पण बाहेर जाणारे नाही, असे असेल तर तोंडाशी दाब साठतो आणि प्रवाह जवळपास थांबतो. हा नियम साधा आहे, पण आजच्या शोभेच्या स्कूपांत तो क्वचितच पाळलेला दिसतो.

अजून एक गोष्ट. तापल्यावर ड्रमचा व्यास वाढतो. १७८ मिलिमीटरचा ओतीव लोखंडी ड्रम दीडशे अंशांनी तापला तर व्यास साधारण ०.३ मिलिमीटरने वाढतो. वाचायला किरकोळ, पण शू आणि ड्रममधली फटही त्याच मापाची असते. म्हणून लिव्हर हँडलकडे येतो. टपरीवर मालकांनी गरम ड्रमवर ढिलाई काढली. ड्रम निवल्यावर आकसला आणि शूवर बसला. त्यामुळे ब्रेक न दाबताही घर्षण सुरू राहिले. तापलेला ब्रेक अ‍ॅडजस्ट करायचा नाही, तो निवू द्यायचा, हे जुने मिस्त्री सांगत आले आहेत. त्यामागचे कारण हेच.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय मालकांचाच. स्कूपच्या मागे ब्रेक प्लेटला छिद्रे पाडायची, विरुद्ध बाजूला हवा बाहेर जाण्याची छिद्रे, दोन्हींना जाळी. खर्च कमी आणि दिसायला स्कूप सार्थ. पण ब्रेक प्लेट हे नुसते झाकण नव्हे. ब्रेक दाबला की शूची सगळी ओढ याच प्लेटवर येते. ती एका बाजूला पुढच्या काट्याला (फोर्कला) अडकलेली असते, शू उघडणारा कॅम आणि शूची खुंटी तिच्यातच बसलेली. ही जुनी ओतीव प्लेट. छिद्र चुकीच्या जागी पडले तर तिथून तडा जाऊ शकतो. शिवाय आंबोली म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक. पाणी आणि लाल माती थेट लायनरवर, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरावर, येणार. रेसच्या गाडीला हे परवडते, पावसाळ्यात रोज उभ्या असणाऱ्या गाडीला नाही. आणि पाडलेले छिद्र परत बुजवता येत नाही. जुन्या गाडीवर परत फिरवता येणार नाही असा बदल करताना मी हात आखडताच ठेवतो.

दुसरा पर्याय दोन लीडिंग शूच्या प्लेटचा. नंतरच्या ५०० बुलेटला सात इंची ड्रममध्ये दोन लीडिंग शू आले आणि ती प्लेट जुन्या सात इंची हबवर बसवणे हा अनेकांनी केलेला बदल आहे. दोन्ही शू ड्रमच्या फिरण्यात स्वतःला ओढून घेतात, त्यामुळे तेवढ्याच हाताच्या जोरात ब्रेक जास्त लागतो. पण उष्णता कमी होत नाही. उतरताना जिरवायची ऊर्जा तेवढीच. दुसरी अडचण चढाची : गाडी मागे घरंगळत असेल तर दोन्ही लीडिंग शू उलटे होतात आणि पुढचा ब्रेक धरत नाही. घाटात एसटीच्या मागे चढावर थांबायची वेळ आली तर मागच्या ब्रेकवरच उभे राहावे लागते.

तिसरा पर्याय पुढे डिस्क बसवण्याचा. मालकांनी लगेच नकार दिला आणि माझेही मन त्यात नव्हते. १९६९ मध्ये होंडा सीबी ७५० डिस्क घेऊन आली त्यानंतरच्या जगातला तो ब्रेक. या गाडीत त्यासाठी काट्यापासून सगळे बदलावे लागले असते.

चौथा पर्याय, काहीच नवे न लावता आहे तोच ब्रेक नीट करणे. हा पर्याय मांडला तेव्हा मालकांचा चेहरा उतरला. शू नवे, रिम नवी, सगळे नुकतेच झालेले. त्यात पुन्हा हात कशाला घालायचा, हा प्रश्न रास्तच होता. म्हणून आधी मोजायचे ठरले.

मोजणी आणि एक फसवा आकडा

मालकांनी स्वतःही मोजले होते. त्यांच्याकडे इन्फ्रारेड तापमापकाची बंदूक होती. घाटातल्या थांब्यावर त्यांनी ती तबकडीवर रोखली तेव्हा आकडा पन्नाशीच्याही खाली आला होता. त्यावरून त्यांनी दोन निष्कर्ष काढले होते : तबकड्या थंड आहेत म्हणजे काम करताहेत, आणि ब्रेक तापला तो आतून, म्हणून आत हवा पाहिजे.

इथे या प्रकरणातला सर्वांत मोठा वळणबिंदू आहे. ही बंदूक वस्तूतून बाहेर पडणारी उष्णतेची किरणे मोजते आणि त्यांवरून तापमानाचा अंदाज करते. वस्तू काळी, खरबरीत असेल तर अंदाज बरोबर येतो. पॉलिश केलेले अ‍ॅल्युमिनियम किंवा क्रोम स्वतःहून फार थोडी किरणे सोडते आणि आजूबाजूचीच परावर्तित करते. साध्या बंदुका काळ्या पृष्ठभागासाठी जुळवलेल्या असतात. चकचकीत धातूवर रोखल्या तर त्या खरे तापमान कितीतरी कमी दाखवतात. शिवाय तबकडीला ड्रमची उष्णता पोचतच नव्हती, म्हणजे ती थंड असणे हीच तक्रार होती!

आम्ही दोन्ही तबकड्या उतरवल्या. हबच्या कडेला, ड्रमच्या लगत, उष्णता सहन करणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा छोटा पट्टा मारला. तसाच पट्टा एका तबकडीवरही मारून ती परत लावली, म्हणजे तुलना करता येईल. मग मालकांना फार लांब न नेता पन्हाळ्याच्या रस्त्यावर उतारावर त्याच पद्धतीने ब्रेक लावायला सांगितले. काळ्या पट्ट्यावर हबचा आकडा शंभरीच्या बराच वर होता. तबकडीचा काळा पट्टा त्याच्या निम्म्यालाही पोचला नव्हता. उष्णता हबमध्येच कोंडली जात होती.

मग ती तबकडीही काढून तोच उतार. हबचे तापमान थोडे उतरले. फरक दिसण्यासारखा होता, पण लिव्हर अजूनही आत येत होता. तबकड्या दोषी होत्या, पण मुख्य दोषी दुसराच कोणीतरी होता.

शेवटी चाक काढले. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ड्रमची धूळ आम्ही हवेच्या फवाऱ्याने कधीच उडवत नाही, ओल्या फडक्याने पुसून घेतो. कुणीही हे काम घरी करत असेल तर एवढे तरी पाळावे. ड्रमला आतून खडू फासला, शू बसवून ब्रेक हलकेच दाबत चाक हाताने फिरवले आणि परत उघडले. लायनरवर खडू फक्त मधल्या अरुंद पट्ट्यावर उमटला होता. दोन्ही टोके कोरीच. म्हणजे लायनरचा जेमतेम तिसरा हिस्सा सगळे काम करत होता. तेवढ्या जागेत सगळी उष्णता जन्मत होती, तो भाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता आणि वास त्याचाच होता. लायनर अति तापले की त्यातले बांधणारे राळेसारखे द्रव्य जळू लागते, त्याचा वायू शू आणि ड्रमच्या मध्ये येतो आणि घर्षण घसरते.

दुसरा शोध डायल गेजने, म्हणजे गोलपणा तपासायच्या मापाने, लागला. ड्रम गोल नव्हता. नवीन स्पोक ताणताना हबच्या कडा ओढल्या जातात आणि ड्रम किंचित लंबगोल होतो. म्हणून चाक स्पोकसह पूर्ण ताणून, रिम सरळ करून झाल्यावर मगच ड्रम लेथवर घासून घ्यायचा असतो. इथे ड्रम आधी घासला होता आणि स्पोक नंतर ताणले होते. क्रम उलटा झाला होता.

उद्यमनगरातल्या ज्या वयस्कर टर्नरकडे आम्ही चाक नेले, त्यांनी गेज फिरवून मालकांना सांगितले, "सर, शू नवं हाय, ड्रम नवा घासलाय, पर दोघांची गाठच पडली न्हाई अजून." मालक यावर हसले, आणि मला वाटते पहिल्यांदा त्यांचा स्कूपवरचा हट्ट तिथे सैल झाला.

तिसरी गोष्ट गाडीत नव्हती, चालवण्यात होती. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला. मालक रोज वापरतात ती नवी गाडी याच्या बरोबर उलटी. घाटात गडबड झाली की त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधायचा आणि तिथे गिअर असायचा. म्हणून नकळत ते सगळा भार पुढच्या ब्रेकवर टाकत होते. शिवाय उतरताना गाडी चौथ्या गिअरमध्ये होती. इंजिन ब्रेकिंगचा जो मोठा वाटा ऊर्जा खायला हवा होता, तोही ड्रमवर आला. हे त्यांनी आपणहून सांगितले नव्हते. पन्हाळ्याच्या रस्त्यावर मागे बसून त्यांचे पाय पाहिले म्हणून कळले.

केलेली कामे

ड्रम पुन्हा घासला, यावेळी पूर्ण चाक लेथवर धरून. १९ इंची रिम फिरायला लेथला तेवढी उंची लागते आणि तसा लेथ प्रत्येक टर्नरकडे नसतो. कोल्हापुरात तो मिळतो, हे आमचे भाग्य. घासणी शक्य तितकी कमी ठेवली, फक्त लंबगोलपणा जाईपर्यंत, कारण कडे पातळ झाले की उष्णता साठवायची त्याची ताकद घटते आणि ते लवकर तापते.

ड्रमचा व्यास वाढल्यामुळे शूवर थोडे जाड लायनर चिकटवून घेतले. मग शू ब्रेक प्लेटवर बसवून, कॅमच्या तोंडाशी पातळ पट्टी घालून ते किंचित उघडे ठेवले आणि ड्रमच्या मापाला लेथवर गोल घासले. लीडिंग टोकाला उतार दिला, म्हणजे ब्रेक चावत लागणार नाही. परत खडू फासला. यावेळी जवळपास सगळ्या लायनरवर उमटला.

बसवताना अ‍ॅक्सलचे नट ढिले ठेवून ब्रेक जोरात दाबून धरला आणि तसाच धरून नट आवळले. त्यामुळे प्लेट ड्रमच्या मध्यावर येते. हे काम फुकटचे आहे, पाच मिनिटांचे आहे आणि बहुतेक ठिकाणी राहून जाते. ब्रेक आर्म अशा दातावर बसवला, की ब्रेक लागतो तेव्हा केबल आणि आर्ममध्ये काटकोन असेल. जुनी केबल काढून नवी टाकली.

मागचा ड्रम उघडला तर तो ठीक होता, फक्त पेडल फार खाली होते. पाय सहज पोचेल इतके वर घेतले.

तबकड्यांचे काय करायचे यावर मालक आणि मी सहमत नव्हतो. माझे मत त्या काढून कपाटात ठेवाव्यात असे. त्यांचे मत गाडीचा सगळा रुबाब त्यांतच आहे असे. मार्ग असा निघाला : ब्रेकच्या बाजूची तबकडी कायमची उतरवायची. दुसऱ्या बाजूची, जिथून ड्रमचे कडे दूर आहे, तिला बोल्टांवर स्पेसर टाकून हबपासून बाहेर घ्यायची, म्हणजे मधून वारा वाहील. लांबच्या घाटाला जाताना तीही काढायची. स्कूप जागेवर राहिला, छिद्राविना, निव्वळ शोभेसाठी. तो हबवर नाही, प्लेटच्या खालच्या कोपऱ्यात आहे आणि कुठलाही वारा अडवत नाही. शोभेची वस्तू शोभेची म्हणून राहायला माझी हरकत नाही, तिने कामाच्या वस्तूच्या वाटेत येऊ नये एवढेच.

निष्पत्ती

नवे लायनर ड्रमशी जुळायला थोडा काळ लागतो. तोवर मालकांना सपाटीवर, मध्यम वेगात, ब्रेक लावायचा आणि निवू द्यायचा असे चालवायला सांगितले. नंतर पन्हाळ्याच्या त्याच उतारावर तीच पद्धत, तोच काळा पट्टा. हबचे तापमान आधीपेक्षा खूपच खाली होते. त्याहून महत्त्वाचे, लिव्हर खालपर्यंत जवळपास त्याच जागी लागत होता.

यात एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. शू जुळल्याने जिरवायची ऊर्जा कमी झाली नाही. पण ती पूर्ण लायनरवर पसरली, मागच्या ब्रेकने आपला वाटा उचलला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरल्याने इंजिनाने आपला. पुढच्या ड्रमवर यायचे ओझेच हलके झाले. कूलिंगचे एकही नवे साधन न लावता "कूलिंगची अडचण" सुटली.

त्यानंतर मालक पत्नीसह परत आंबोली उतरून सावंतवाडीला गेले. फोनवर त्यांनी सांगितले ते असे, "लिव्हर तिथेच आहे, वास नाही, आणि ही गाडीवरच परत येतेय." दुसऱ्या बाजूची तबकडी त्यांनी त्या प्रवासापुरती घरी ठेवली होती.

वेगळे काय करता आले असते

पहिला चुकलेला टप्पा चाक बांधतानाचा. ज्या वर्कशॉपने गाडी केली त्यांच्या बिलात ड्रम घासल्याची नोंद होती आणि स्पोक बांधल्याचीही, क्रमाची नव्हती. गाडी पूर्ण उतरवून घेणाऱ्या कुणीही एवढे विचारावे : ड्रम स्पोक ताणण्याआधी घासला की नंतर? आणि शू ड्रमच्या मापाला घासले का? या दोन प्रश्नांचे उत्तर टाळले गेले तर गाडी घाटात नेण्याआधी खडूची परीक्षा स्वतः करावी.

दुसरा टप्पा टपरीवरचा. लिव्हर आत येतो आहे हे कळल्यावर थांबणे अगदी बरोबर होते. अ‍ॅडजस्टरला हात लावण्याऐवजी अर्धा तास चहा घेऊन गाडी निवू दिली असती आणि पुढे दुसऱ्या गिअरमध्ये उतरले असते, तर निदान शू अडकून गाडी आणखी तापली नसती.

मोजणीबद्दल एक सुधारणा मी सुचवेन. अशा प्रकरणात चालकाचे पाय आधी पाहावेत, बंदूक नंतर. उजव्या-डाव्या पायाची अदलाबदल हे जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांतले फार सामान्य कारण आहे, आणि ते गेजवर दिसत नाही. सपाट मैदानात अर्धा तास फक्त मागचा ब्रेक वापरून गाडी थांबवण्याचा सराव केला तर डाव्या पायाला सवय लागते. मालकांनी तो केला, पण प्रवासानंतर. आधी केला असता तर आंबोलीचा पहिला उतारही वेगळा झाला असता.

एक निर्णय अजून बाकी आहे. मालकांना दोन लीडिंग शूची प्लेट घ्यावीशी वाटते. आताचे लायनर संपेपर्यंत थांबावे असा माझा सल्ला आहे, कारण ब्रेक आता पुरेसा लागतो आणि नवी प्लेट घेतली की लायनर घासण्यापासून सगळे पुन्हा करावे लागेल. घ्यायचीच झाली तर दोन्ही कॅम एकाच क्षणी उघडतात की नाही, हे मधल्या जोडदांड्यावर नीट जुळवून घ्यायला हवे. एक शू आधी लागला आणि दुसरा मागाहून, तर दोन लीडिंग शूचा अर्धा फायदा तिथेच जातो. आणि बसवल्यानंतर पहिल्याच दिवशी चढावर गाडी मागच्या ब्रेकवर उभी राहते का, ते पाहून घ्यावे.